झुलीखालचे पाय

“हाच त्यो मेला!” ठकूआत्यानं चौथ्या फोटोवर बोट आपटलं. “डोळं बघा की त्याचं. सुरीवाणी हायत.”

“बाई, हात लावू नका. कोर्टाचे फोटो आहेत,” दातार म्हणाले.

“फोटू कोर्टाचं असतील. बोट माझं हाय.”

लोक हसले. शिरंबवाडीच्या जत्रेचा तो तिसरा दिवस होता, आणि बैलबाजार सोडून निम्मी जत्रा लिंबाखाली उभ्या असलेल्या जीपभोवती गोळा झाली होती. जीपमधून दोघे उतरले होते. एक कॅप्टन मेलर, उन्हानं भाजून गाजरासारखा झालेला तिशीतला गोरा अधिकारी. दुसरे त्याचे दुभाषे, पुण्याचे दातार. पंपशू घालून बैलबाजारात आलेला माणूस आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. घोंगडीवर त्यांनी बारा फोटो ओळीनं मांडले होते. बारा जपानी शिपाई, सगळे थेट समोर बघणारे.

फोटो दाखवायचे होते माझ्या वडिलांना, पलटणीत नाईक असलेल्या केरबा शिंगट्यांना. पण आबांनी निरोप पाठवला होता, “एवढं खोंड बघतो आन् येतो.” साहेब पुण्याहून आला म्हणून खोंड थांबणार नव्हता. तोवर फोटो आयाबायांनी ताब्यात घेतले. एकीला चौथ्याची जिवणी क्रूर वाटली, दुसरीला त्याच्या गालावरचा व्रण. आमचे पोष्टमास्तर कानडे, गोल चेहऱ्याचे, मुंगीला वाट देऊन चालणारे, तेही चष्मा पुसून म्हणाले, “शिकलेला माणूस म्हणून सांगतो, चौथाच.”

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आबा पलटणीबरोबर गेले तेव्हा पाच वर्षांची. मधल्या काळात आई गेली, सिंगापूर पडलं, आबा कैद झाले आणि कुठल्याशा बेटावर नेले गेले. लढाई संपल्यावर ते परत आले, त्याला पाच महिने झाले होते. मला ठकूआत्यानं, त्यांच्या थोरल्या बहिणीनं वाढवलं होतं.

परत आल्यापासून आबांनी एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

बोलायचे ते. जेवताना मला भाकरीचा पापुद्रा काढून द्यायचे. पण नजर जमिनीवर. मी आत्याला विचारलं होतं, “आबांना मी आवडत नाही का गं?” आत्या चुलीत फुंकर घालत म्हणाली, “तू तुझ्या आईच्या तोंडावळ्याची. बघितलं की आठवण येत असंल.” मग मी काही दिवस त्यांच्यासमोर यायचंच टाळलं. माझ्या तोंडाला काही इलाज नव्हता.

आज हे लिहितेय, तेव्हा आबांना वारून दोन महिने झालेत. हे सगळं ज्याच्या लक्षात असेल असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

त्या दिवशी आबा आले ते हात झटकत. खोंडाच्या मागच्या पायांशी बसून त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती. जनावर बघण्याची त्यांची एक रीत होती. आधी ते चालवून बघायचं, मग खूर, मग खांदा, आणि तोंड अगदी शेवटी. चार गावांतले लोक त्यांना खिलार पारखायला न्यायचे.

“नाईक,” दातार घाईनं म्हणाले, “सिंगापुरात खटला उभा राहतोय. तुमच्या छावणीतल्या पहारेकऱ्यांवर. साहेब सांगतात, लढाईत कैदी धरणं हा गुन्हा नाही, पण धरलेल्या कैद्याचे हाल करणं हा गुन्हा आहे, मग लढाई कुणीही जिंको. दगडू साळवीला ज्यानं मारलं, तो ह्या बारांत आहे. सात साक्षीदारांनी ओळखलाय. तुम्ही आठवे. बोट ठेवा, खाली सही करा, की आम्ही निघालो.”

“चौथा रं, केरबा,” आत्यानं सांगून टाकलं.

आबा घोंगडीपाशी बसले. फोटोंवरून त्यांची नजर एकदा गेली आणि परत आली. “आक्का, तू साताऱ्याच्या पल्याड कधी गेलीस?”

“मला काय करायचंय साताऱ्याच्या पल्याड?”

“मग ह्याला कुठं बघितलंस?”

लोक खदखदून हसले. आत्यानं पदर खोचला, “तोंडावर लिवलंय की त्याच्या!” म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. दातारांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब मात्र हसला नाही. त्या सात साक्षीदारांनीही चौथ्यावरच बोट ठेवलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. साहेबानं चौथा फोटो उचलला, गर्दीतल्या बायकांकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

“मी ह्यातला एकबी वळखत न्हाई,” आबा म्हणाले. “त्याचं तोंड मी बघितलेलंच न्हाई. आमाला वर बघायची मनाई हुती. त्या सात जणांनी तरी कुठनं बघितलं असंल? पाय दाखवा. पाय वळखतो.”

“पाय?”

“त्याचा डावा पाय सपाट पडायचा, उजवा आत वळलेला. चार पावलांनी एकदा काठी बुटावर आपटायचा. फोटूत चालत न्हाईत न्हवं माणसं.”

दातारांनी छत्री मिटली. “नाईक, जरा विचार करा. तुम्ही नाही म्हणालात तर आठातला एक फुटला असं होईल. वकील लोक त्याचंच भांडवल करतात. सगळेच सुटायचे. मग तुमच्या दगडूचं काय?”

 आबांचा हात घोंगडीच्या दशा ओढत राहिला. मला वाटलं, आता ठेवतील बोट. दगडू साळवी कोकणातला होता, त्यांच्याच तुकडीतला. झोपेत आबा त्याचं नाव घ्यायचे, ते मी ऐकलं होतं.

“बोट ठेवणं सोपं हाय, दातारसायब,” आबा हळू म्हणाले. “दगडूवर पण असंच कुणीतरी बोट ठेवलं हुतं. पपई चोरली म्हणून. त्यानं तोडलीच न्हवती.”

 साहेबानं दातारांकडून ते समजून घेतलं आणि टोपी काढून हातात घेतली. मग तो बोलला.

“साहेब म्हणतात, त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे,” दातारांनी सांगितलं. “पण ह्यासाठी तुम्हाला समुद्रापार सिंगापूरला न्यावं लागेल. पायावरून माणूस ओळखतो असं लिहून पाठवलं तर वरचे लोक साहेबांनाच वेड्यात काढतील.”

“मग तपासून बघा की!” आत्या कडाडली. “माझा भाऊ खोटं बोलतुय व्हय?”

आणि तिनंच ते जमवलं. दोन बैलगाड्या समोरासमोर आणल्या, मध्ये दोरी ओढली आणि दोरीवर बैलांच्या दोन झुली टाकल्या. लाल-निळ्या, आरशांच्या, काठाला गोंडे आणि घुंगरं लावलेल्या. झुलीच्या अलीकडे आबा मातीवर बसले. पलीकडून माणसं जाणार. झुलीखाली वीतभर फट, तेवढ्यात घोट्यापर्यंतचे पाय दिसायचे. कुणी बोलायचं नाही. जत्रेतल्या लोकांना दुसरं काय पाहिजे होतं? कुस्तीच्या फडावरची माणसंसुद्धा इकडे पळत आली.

पहिले पाय गेले. “दाजी न्हावी,” आबा म्हणाले. “उभ्यानं काम करून करून अंगठं बाहेर गेल्यात.”

ओरडा झाला. दुसरे पाय. “बाबू पैलवान. मातीत चालल्यागत चालतोय, तालीम सोडून चार दिस झाल्यालं दिसत न्हाईत.” तिसरे. “पाटलांचा थोरला. वहाणा धाकट्याच्या.” पलीकडून पाटलांच्या धाकट्याचा आवाज आला, “आणि मी सकाळधरनं शोधतुय!” चौथे पाय इतके हळू पडत होते की घुंगरंही हलली नाहीत. “पोष्टमास्तर. जमीन जागी हुईल म्हणून भेत्यात.” कानडेमास्तरांनी पलीकडून नाक शिंकरून कबुली दिली.

साहेबाच्या हातात वही होती. तो प्रत्येक नावापुढे रेघ ओढत होता. बारा झाले, पंधरा झाले. एकही चुकलं नाही. कुणी लंगडून बघितलं, कुणी उलटं चाललं, एकजण दुसऱ्याच्या पाठुंगळी बसून गेला तर आबा म्हणाले, “सखाराम हाय, पण दुप्पट जेवलाय.” मी आबांना त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं.

तेव्हा मला ते सुचलं. मी गाडीखालून पलीकडे गेले, आत्याच्या करकरत्या वहाणा पायांत घातल्या, आणि आत्यासारखी ढेंगा टाकत, टाच आपटत निघाले. आत्यानं तोंडात पदर कोंबला.  खरं सांगायचं तर मला त्यांना फसवायचं नव्हतं. ते ‘आक्का’ म्हणाले असते तर मी जिंकले असते, आणि घरी जाऊन रडले असते.

मी फटीच्या मधोमध आले आणि झुलीकडे वळले. 

“वहाणा आक्काच्या,” आबा म्हणाले. “चाल पण आक्काचीच चोरलीया. पण वळताना डाव्या पायाचा अंगठा आधी टेकतुय. ही माझी हौशी.”

लोकांनी काय केलं ते मला ऐकू आलं नाही. मी तिथंच उभी राहिले. पाच महिने ज्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांना माझा अंगठा माहीत होता. पुढं चाळीस वर्षांनी दोन्ही डोळे गेल्यावर, दवाखान्यातल्या कॉटवर पडल्यापडल्या, मी दारातून आत आले की ते म्हणायचे, “हौसे, गुडघा लई दुखतोय का गं आज?” मी कुणाला सांगितलेलं नसायचं.

मग दातारांचे पंपशू कुरकुरत गेले. ते ओळखायला आबांची गरज नव्हती, सगळ्या जत्रेनंच नाव पुकारलं. लोक पांगायला लागले. तेवढ्यात झुलीमागून बुटांचा आवाज आला.

डावा सपाट. उजवा पुढं. डावा. उजवा. आणि काठी बुटावर, टक.

साहेबानं आपली छडी घेतली होती. आबांनी सांगितलं होतं तसा तो चालत होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला शेवटची खात्री करायची होती एवढंच. चार पावलं, टक. चार पावलं, टक. बूट मध्यावर आले आणि झुलीकडे तोंड करून थांबले.

आबा उठले. दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेतून वाकले. इतके खाली, की त्यांचं मुंडासं सुटून मातीत पडलं. त्यांनी ते उचललं नाही. मी तोवर अलीकडे गाडीच्या चाकाशी आले होते, मला त्यांची मान दिसत होती. मानेवर घामाचे थेंब होते.

 वाऱ्यानं घुंगरं तेवढी वाजत होती. आबा वाकलेले होते, आणि वाकल्यावाकल्याच, जमिनीकडे बघत, ते स्वच्छ आवाजात म्हणाले, “ह्यो त्यो न्हाई. ह्याचा उजवा पाय सरळ हाय.”

दातारांनी झूल बाजूला सारली. साहेबानं आबांना पाहिलं आणि त्याच्या हातातली छडी खाली पडली. तो दोरीखालून वाकून अलीकडे आला आणि आबांच्या समोर सरळ मातीत बसला, मांडी घालून, कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी. वाकलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसायचं तर समोरच्यानं खाली बसावं लागतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, “माफ करो, नाईक.”

आबा हळूहळू ताठ झाले. आत्यानं मुंडासं उचललं, झटकलं आणि त्यांच्या डोक्यावर नीट बांधत साहेबाला म्हणाली, “बरं झालं बसलास. असाच बस. आता गुळपाणी पिऊन लिही, काय लिवायचं ते.”

जबानी तिथंच झाली. तीन दिवस दगडूला खांबाला बांधून उन्हात उभं केलं होतं, पाण्याशिवाय. बाकीच्यांनी सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोरून वाकून जायचं. “आमाला दगडूचं पायच दिसायचं,” आबा म्हणाले. “पयल्या दिवशी त्यो अंगठा हलवून दाखवायचा. म्हंजे, हाय मी. तिसऱ्या दिवशी सांजच्याला न्हाई हलवला.” आबांनी एवढंच सांगितलं. दातारांची लेखणी मध्येच थांबली, त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढं लिहिलं.

सही झाल्यावर साहेबानं विचारलं, “सिंगापूर येणार?”

“न्हाई जायचा!” आत्या म्हणाली. “एकदा गेला तर साडेचार वर्षं लागली यायला. पुन्यांदा मी कुणाकुणाला नवस बोलू?”

आबांनी मान वर केली. मी बघत होते, कुणी जड पोतं उचलावं तशी त्यांनी ती उचलली. इतक्या लोकांत त्यांनी मला शोधलं आणि माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, “हौसे, जाऊ का?”

दहा वर्षांच्या पोरीला अशा वेळी काय सुचावं! मी म्हटलं, “जावा. पण येताना मला वहाणा आणा. आत्याच्या मोठ्या हुत्यात.”

कानडेमास्तर लगबगीनं पुढं झाले. “माप घ्या, नाईक. मी कागद देतो.”

“माझ्या लेकीच्या पायाचं माप मला कशाला लागतंय?” आबा म्हणाले. नजर तोवर पुन्हा खाली गेली होती.

पाच महिने गेले. एक कार्ड आलं, सुखरूप आहे एवढंच. आत्या रोज पोष्टात जाऊन मास्तरांना दरडावून यायची, जणू बोट त्यांनीच अडवून धरली होती.

नवरात्राच्या तोंडाशी आम्ही पोरी लपंडाव खेळत होतो. मी चावडीसमोरच्या एका गाडीखाली पोटावर पडले होते. बाजार सुटलेला, समोरून पायच पाय जात होते. त्यांत एक जोडी नव्या कॅनव्हासच्या बुटांतली आली. चवडा आधी, टाच मागून, बुजऱ्या खोंडाजवळ जावं तशी हलकी. ते बूट मी आधी कधी पाहिलेले नव्हते.

“आबा!” मी ओरडले आणि उठताना डोकं आखावर आपटलं.

ते वळले. “फुटलं का बघू,” म्हणून दोन्ही हातांत माझं तोंड धरलं आणि बघत राहिले. माझ्या डोक्याकडे नव्हे, कपाळाकडे, नाकाकडे, हनुवटीकडे.

संध्याकाळी आमचं अंगण भरलं. कानडेमास्तर सगळ्यांत पुढं. “ओळखलात, नाईक?”

“वळखला. जेलच्या अंगणात बाराबी जणांना चालवलं. नववा.”

“आणि चौथा?”

“त्यो दुसऱ्याच छावणीत आचारी हुता. सुटला. जाताना माझ्याम्होरं वाकाया लागला. म्हणलं, नगं बाबा, आता कुणीच नगं.”

“पण नुसत्या पायांवर कोर्टानं मानलं?”

“न्हाई. नवव्याचं नाव कळल्यावर मेलरसायबानं छावणीची दप्तरं काढली. त्या तीन दिसांचा पहारा त्याच्याच सहीनं निघाला.”

“शिक्षा?”

“कोर्टानं दिली.” ह्यापुढं त्या बाबतीत ते कधीही बोलले नाहीत.

“पण तोंड बघितलंस न्हवं त्याचं?” आत्यानं विचारलं.

“बघितलं. साक्षीच्या येळी जज्ज म्हणला, साक्षीदारानं मान वर करून बोलावं. केली.”

“मग? कसा हुता मेला? चौथ्यावाणीच असंल न्हाईतर त्याच्याहून वंगाळ.”

आबांनी पोष्टमास्तरांकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. आवरेना. “मास्तर, राग नका मानू,” ते डोळे पुसत म्हणाले. “तुमच्यावाणी. तस्साच गोल, तस्साच गरीब.”

अंगणात जो हशा उसळला तो वेशीपर्यंत गेला असेल. कानडेमास्तर आधी लाल झाले, मग तेही हसले, पण घरी गेल्यावर त्यांनी आरसा बघितला म्हणे. आत्या हे मरेपर्यंत सांगायची, आणि दर वेळी आरसा थोडा मोठा व्हायचा.

लोक गेल्यावर आबांनी पिशवीतून कागदाचा पुडा काढला. लाल पट्ट्यांच्या, पितळी बकलाच्या चपला. मी घातल्या. अगदी बरोबर बसल्या.

“माप न्हवतं, तर कशा जमल्या रं?” आत्या म्हणाली.

“दुकानाम्होरच्या मातीवर हौशीचं पाऊल काढून दाखवलं. आन् दुकानदाराला म्हणलं, अर्धं बोट वाढवून दे. पाच महिन्यांत तेवढी वाढली असंल.”

 मी चपलांकडे बघत उभी राहिले.

“चालून दाव की,” आबा म्हणाले.

मी तुळशीपासून दारापर्यंत चालले, वळले, परत आले. अंगठा आधी टेकला असेल, नसेल, मला ठाऊक नाही. वर बघितलं तेव्हा आबा माझ्या पायांकडे बघत नव्हते.